अकरा हजार अक्षरं, पन्नास कोटी वर्षं

१९६५ साली नागपूर भागात डेंगी आणि चिकुनगुनियाची साथ चालू होती. त्या वेळी तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू निघाला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्हीने), तो वेगळा काढला. गावाच्या नावावरून त्याचं नाव पडलं चांदीपुरा. पुढे २००३ मध्ये याच विषाणूच्या साथीत एकट्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ दगावली. वाळूमाशी चावते, ताप चढतो, मेंदूला सूज येते आणि एक-दोन दिवसांत सगळं आटोपतं.

नागपुरातल्या त्या शोधानंतर सहा वर्षांनी, १९७१ मध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या संशोधकांनी तळ्यांतल्या कार्प माशांच्या एका जुन्या रोगाचा माग काढला. हा कार्प म्हणजे आपले मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात तो. वसंत ऋतूत पाणी कोमट होऊ लागलं की हे मासे पोट फुगून, कातडीखाली रक्त साकळून मरत. त्यांच्यातही विषाणूच सापडला, आणि त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा होता. चांदीपुराचाही आकार तसाच असतो.

पुढे दोघांची जनुकं वाचली गेली. चांदीपुराची लांबी सुमारे ११,१०० अक्षरं, कार्पच्या विषाणूची सुमारे ११,०००. दोघांत जनुकं पाच, आणि त्यांचा क्रमही एकच: एन, पी, एम, जी, एल. वर्गीकरण करणाऱ्यांनी कार्पच्या विषाणूला काही वर्षं चांदीपुराच्याच गटात तात्पुरती जागा दिली होती. विदर्भातलं माणूस आणि युरोपातला तळ्यातला मासा यांचा समान पूर्वज शोधायचा, तर साधारण ४३ कोटी वर्षं मागे जावं लागतं. एवढ्या लांबच्या दोन प्राण्यांत एकाच घराण्याचे विषाणू आले कसे, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. त्याच्या उत्तरापर्यंत पोचायचं तर आधी काही आकडे नीट समजून घ्यायला हवेत.

पहिला आकडा आकाराचा. जनुकीय मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो. मासिकाच्या एका भरगच्च पानावर अडीच हजार अक्षरं मावतात असं धरलं, तर चांदीपुराचा सगळा मजकूर साडेचार पानांत संपतो. पेशीत शिरणं, तिचा कारखाना ताब्यात घेणं, स्वतःच्या प्रती काढणं, बाहेर पडणं, सगळं त्या साडेचार पानांत. माणसाचा जीनोम साधारण ३ अब्ज अक्षरांचा, म्हणजे १२ लाख पानांचा. पण या गोष्टीतला सर्वांत अवाढव्य मजकूर माणसाचा नाही, फुप्फुसमाशाचा आहे. पाणी आटलं तरी हवेवर जगू शकणारा हा मासा जमिनीवर चढलेल्या प्राण्यांचा सर्वांत जवळचा जिवंत भाऊबंद. ऑस्ट्रेलियातल्या फुप्फुसमाशाचा जीनोम २०२१ मध्ये वाचला गेला तेव्हा तो ४३ अब्ज अक्षरांचा भरला. २०२४ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फुप्फुसमाशाने त्यालाही मागे टाकलं. त्याची अक्षरं ९१ अब्ज, म्हणजे साडेतीन कोटींहून अधिक पानं. फुप्फुसमाशांनाही विषाणू होतात. साडेचार पानांचा पाहुणा आणि साडेतीन कोटी पानांचा यजमान, अशी ही जोडी.

दुसरा आकडा चुकांचा. डीएनएची नक्कल करताना आपल्या पेशी मजकूर तपासत जातात, चुकलेलं अक्षर खोडून पुन्हा लिहितात. चांदीपुरासारख्या बहुतेक आरएनए विषाणूंकडे अशी तपासणी नसते. साधारण दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे एक चूक होते. मधला आकडा, लाखात एक, धरून चालू. मग ११,००० अक्षरांच्या विषाणूच्या दर नऊ प्रतींमागे एका प्रतीत एक अक्षर चुकलेलं असणार. समजा, एका आजारी माशाच्या अंगात विषाणूच्या १०० कोटी प्रती तयार झाल्या. त्यातल्या ११ कोटी प्रती चुकीच्या. आता एका अक्षराची चूक किती प्रकारे होऊ शकते? जागा ११,००० आणि प्रत्येक जागी पर्यायी अक्षरं तीन, म्हणजे ३३,००० प्रकारे. याचा अर्थ, होऊ शकणारी प्रत्येक चूक त्या एका माशाच्या अंगात तीन हजारांहून अधिक वेळा होऊन जाते. एका माशात, एका आजारपणात विषाणू स्वतःच्या मजकुरातलं प्रत्येक अक्षर बदलून पाहतो. यातल्या बहुसंख्य चुका विषाणूलाच मारक असतात. ज्या मारक नसतात त्या पुढच्या पिढीत जातात.

जिवंत साथींमध्ये मोजलं, तर अनेक आरएनए विषाणूंत प्रत्येक जागेवरचं अक्षर सरासरी हजारेक वर्षांत एकदा बदलावं असा वेग दिसतो. हाच वेग ५० कोटी वर्षं चालला असं मानलं, तर प्रत्येक जागेवरचं अक्षर पाच लाख वेळा बदलून झालं असेल. प्रत्यक्षात दीर्घ काळाचा वेग बराच मंद निघतो, कारण बहुतेक बदल फार काळ टिकत नाहीत आणि त्याच जागेवर पुन्हा पुन्हा खोडून लिहिलं जातं. पण पाच लाखांचे पाच हजार केले तरी मूळ मजकुराचा मागमूस राहू नये. मग चांदीपुरा आणि कार्पचा विषाणू एका घराण्याचे आहेत हे कशावरून म्हणायचं?

याचं उत्तर एका प्रथिनाच्या आत आहे. आरएनए विषाणूला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी एक यंत्र लागतं, त्याचं नाव आरएनए पॉलिमरेज. चांदीपुराच्या पाच जनुकांतलं शेवटचं आणि सर्वांत लांब जनुक, एल, हे याच यंत्राचं. यंत्राच्या गाभ्यात एका वळणावर तीन अमिनो आम्लांची छोटीशी जागा असते. पोलिओच्या आणि डेंगीच्या विषाणूत ती तिकडी ग्लायसीन, अस्पार्टेट, अस्पार्टेट अशी असते. इन्फ्लुएन्झात आणि कोरोनात पहिलं बदलून सेरीन झालं आहे. चांदीपुरात आणि इबोलात तिसरं बदलून अस्पॅराजीन झालं आहे. माशांच्या काही विषाणूंत पहिलं आणि तिसरं दोन्ही वेगळी. मधला अस्पार्टेट मात्र जवळजवळ कुठेच हललेला नाही. तो धातूचा एक आयन, बहुधा मॅग्नेशियम, पकडून धरतो आणि त्या आयनाशिवाय नवं अक्षर साखळीला जोडलंच जात नाही. ज्या प्रतीत हे अमिनो आम्ल चुकलं, त्या प्रतीला पुढची प्रत काढता आली नाही. आरएनएच्या भाषेत अस्पार्टेट दोनच प्रकारे लिहिता येतं, जी-ए-यू किंवा जी-ए-सी. म्हणजे तिसरं अक्षरसुद्धा थोडं हलतं, पहिली दोन हलत नाहीत. प्रत्येक आजारी प्राण्यात ही दोन अक्षरं हजारो वेळा बदलून पाहिली गेली आणि प्रत्येक वेळी बदललेली प्रत मेली. कोट्यवधी वर्षं हे असंच चालू आहे.

या एका तिकडीच्या आसपास आणखी काही जागा अशाच चिवट आहेत. नात्याचा शोध त्यांच्याच आधारावर घेतात. माशाच्या कल्ल्याचा, बेडकाच्या यकृताचा, सरड्याच्या फुप्फुसाचा किंवा आतड्याचा छोटा तुकडा काढायचा, त्यातला सगळा आरएनए वेगळा करायचा, पेशीच्या स्वतःच्या रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, भलामोठा वाटा काढून टाकायचा आणि उरलेलं सगळं शे-दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचायचं. एका नमुन्यातून असे कोट्यवधी तुकडे निघतात. संगणक त्यांची टोकं जुळवतो आणि मोठे सलग मजकूर उभे करतो. मग प्रत्येक मजकूर प्रथिनाच्या भाषेत वाचून पाहायचा की त्यात कुठे ते वळण, तो अस्पार्टेट दिसतो का. प्राणी आजारी असायला हवा अशी अट नाही, विषाणू प्रयोगशाळेत वाढवावा लागत नाही. माझ्या मते या शास्त्रातली खरी क्रांती हीच. तोवर विषाणूशास्त्र आजाराच्या मागून चालत होतं. आजारी पडायचा तो माणूस किंवा त्याची कोंबडी, डुक्कर, गाय. बेडूक आजारी पडला तर विचारतो कोण?

चीनमधल्या यॉन्गझेन झांग आणि मांग शी यांनी सिडनी विद्यापीठातल्या एडवर्ड होम्स यांच्यासोबत हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. एप्रिल २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध आला. १८६ हून अधिक जातींचे मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी आणि त्यांचे दूरचे नातलग तपासले आणि २१४ नवे विषाणू निघाले. पृष्ठवंशी प्राण्यांना होणाऱ्या आरएनए विषाणूंच्या ज्ञात प्रत्येक कुळाची किंवा गटाची शाखा या थंड रक्ताच्या प्राण्यांत होती. इबोलाच्या कुळातले दोन विषाणू चीनच्या वेनलिंग किनाऱ्याजवळच्या समुद्री माशांत सापडले. आफ्रिकेतल्या लासा तापाच्या कुळातले विषाणू फ्रॉगफिश नावाच्या माशात, हंटाव्हायरस मासे आणि पालीत. आणि इन्फ्लुएन्झा! जबडाच नसलेल्या हॅगफिशमध्ये इन्फ्लुएन्झाचा नातलग निघाला, आशियाई भेकात दुसरा. तिसरा वुहानच्या गोड्या पाण्यातल्या काटेरी पाठीच्या एका माशात, जो आपल्या नद्यांतल्या वाम माशाचा भाऊबंद आहे. इन्फ्लुएन्झा बी तोवर माणूस आणि सील यांच्यापलीकडे फारसा कुठे आढळलेला नव्हता. त्याचा जवळचा नातलग निघाला तो या काटेरी माशात. वुहानचं नाव वाचून मनात लगेच भलतं येऊ नये म्हणून सांगतो, हा शोध महामारीच्या आधीचा आहे आणि त्या विषाणूचा कोरोनाशी काही संबंध नाही. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाचा पहिला जीनोम जगापुढे ठेवणारेही झांग आणि होम्सच होते. ज्या पद्धतीने त्यांनी बेडूक आणि मासे वाचले होते, त्याच पद्धतीने त्यांनी तो वाचला.

२१४ या आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वंशवृक्षात होती. विषाणूंचा वृक्ष प्राण्यांच्या वृक्षाशेजारी ठेवला, तर मोठ्या फांद्या ढोबळमानाने जुळत होत्या. माशांचे विषाणू मुळाशी, त्यांच्यावर उभयचरांचे, मग सरपटणाऱ्यांचे, शेवटी पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे. विषाणू सतत एका जातीतून दुसऱ्या जातीत उड्या मारतात, त्यामुळे डहाळ्या जुळत नाहीत. वटवाघळातून माणसात आला तसा विषाणू माशातून माशात आणि बेडकातून बेडकात जातच असतो. पण उड्यांचा हा गोंगाट बाजूला ठेवला की खालून एक संथ लय ऐकू येते. पृष्ठवंशी प्राणी समुद्रातून जमिनीवर आले तेव्हा त्यांचे विषाणूही त्यांच्याबरोबर आले. चांदीपुराचं कोडं मला इथे सुटल्यासारखं वाटतं. त्याचं घराणं माणसापेक्षा, वाळूमाशीपेक्षा, विदर्भाच्या काळ्या मातीपेक्षा कितीतरी जुनं आहे.

याचा एक वेगळा पुरावाही आहे. कधीकधी विषाणूचा तुकडा यजमानाच्या डीएनएमध्ये चुकून शिवला जातो आणि पिढ्यानपिढ्या तिथेच राहतो. माणसाच्या जीनोममध्ये बोर्नाव्हायरस नावाच्या आरएनए विषाणूचे असे तुकडे आहेत आणि ते माकडांच्या आणि आपल्या समान पूर्वजात ४ कोटी वर्षांपूर्वीच बसलेले होते. हे जीवाश्म दगडात नाहीत, आपल्याच पेशीत आहेत.

मग २०२२ मध्ये कामाचा आवाकाच बदलला. जगभरच्या प्रयोगशाळांनी इतर कारणांसाठी वाचून सार्वजनिक साठ्यात ठेवलेले ५७ लाख नमुने एका आंतरराष्ट्रीय गटाने नव्याने चाळले. प्रकल्पाचं नाव सेराटस. शोधायचं होतं पुन्हा तेच, पॉलिमरेजचं ते वळण. एकूण मजकूर होता १०.२ पेटाबेस, म्हणजे १ वर १६ शून्यं देऊन जो आकडा होईल त्याहून थोडी जास्त अक्षरं. सेकंदाला एक अक्षर या वेगाने, न झोपता, कोणी तो वाचायला बसलं तर ३२ कोटी वर्षं लागतील. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात दगडात सापडलेला हायलोनोमस हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सर्वांत जुन्या जीवाश्मांपैकी एक, तो साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे त्याच्याही आधी बसायला हवं होतं. भाड्याने घेतलेल्या हजारो संगणकांना दोन आठवडेही लागले नाहीत. आधी आरएनए विषाणूंच्या सुमारे १५,००० जाती माहीत होत्या, त्यात सुमारे १ लाख ३२ हजारांची भर पडली.

या ढिगात कोरोनाच्या कुळाचे माशांतले आणि उभयचरांतले नातलगही होते. अॅक्सोलॉटल नावाचा मेक्सिकोचा सॅलॅमँडर तुटलेला पाय पुन्हा उगवतो म्हणून प्रयोगशाळांत पाळतात. त्याच्या नमुन्यांतही असा विषाणू सापडला. २०१८ मध्येच एका इवल्या बेडकाच्या, मायक्रोहायला फिसिपीसच्या, साठवलेल्या माहितीत कोरोनाचा आणखी एक दूरचा नातलग मिळाला होता, २२,००० हून थोड्या अधिक अक्षरांचा. या बेडकाचा जवळचा भाऊ मायक्रोहायला ऑर्नाटा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. पहिल्या पावसानंतर शेताच्या कडेला डबक्यात बोटाच्या पेराएवढे बेडूक करकरताना ऐकले असतील, त्यांतच तो असतो. बेडूक अभ्यासणाऱ्यांनी बेडूक वाचला, विषाणू त्यात होताच, कोणी पाहिलं नव्हतं.

इथवर सगळे आरएनए विषाणू झाले. एका डीएनए विषाणूचं नाव घेतल्याशिवाय मासे, बेडूक आणि सरपटणारे प्राणी यांची गोष्ट पुरी होत नाही. रानाव्हायरस. १९६० च्या दशकात अमेरिकेत बेडकांच्या मूत्रपिंडातल्या गाठींचा अभ्यास करताना त्याचा पहिला नमुना हाती आला आणि फ्रॉग व्हायरस ३ असं साधं नाव पडलं. १,०५,९०३ अक्षरं, शंभराच्या आसपास जनुकं. आधी सांगितलेली सगळी शिस्त हा मोडतो. आरएनए विषाणूंची घराणी आपापल्या यजमानांना धरून हळूहळू वेगळी होत गेली, तर याच्या जवळजवळ सारख्याच प्रती मासा, बेडूक आणि कासव या तिघांनाही मारतात. २०१५ पर्यंतच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ५२ कुळांतल्या किमान १७५ जातींत रानाव्हायरस आढळलेले होते. जून २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात एका छोट्या तळ्यात वुड फ्रॉगचे दोन लाखांहून अधिक बेडूकमासे एका दिवसाच्या आत मेले. संशोधकांच्या मते कारण बहुधा रानाव्हायरस. स्पेनच्या डोंगरातही याच गटातल्या विषाणूने उभयचरांच्या अनेक जाती एकाच वेळी घटवल्या. भारतात तो शोभेच्या कोई माशांत सापडला, हा अहवाल २०१५ चा आहे. माणसाला याची भीती नाही, कारण हा विषाणू साधारण १२ ते ३२ अंश तापमानातच वाढतो आणि आपलं अंग ३७ अंशाचं. बेडकाला ती सवलत नाही. शोभेचे मासे, खाण्याचे बेडूक, पाळीव सरडे जगभर डब्यांतून फिरतात आणि त्यांच्याबरोबर हा फिरतो, याची मला मनापासून काळजी वाटते. त्याला पकडण्यासाठी त्याच्या आवरणाच्या प्रथिनाच्या जनुकाचा सुमारे पाचशे अक्षरांचा तुकडा पुरतो. चाचणी सोपी आहे. ती करण्याची सक्ती मात्र फार थोड्या ठिकाणी आहे.

जगात माशांच्या ३६,००० च्या आसपास जाती, सरपटणाऱ्यांच्या १२,०००, उभयचरांच्या ८,००० हून अधिक. एकूण ५६,००० धरू. २०१८ च्या अभ्यासातल्या १८६ जाती म्हणजे त्यातला तीनशेवा हिस्सा, आणि प्रत्येक जातीचे मोजकेच प्राणी, तेही बहुतेक चीनच्या परिसरातले. एवढ्यातून २१४ निघाले. होम्स आणि जेमा गोगेगन यांनी २०१७ मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला होता. केंद्रक असलेल्या सजीवांच्या ८७ लाख जाती, प्रत्येकीचे कमीत कमी दहा विषाणू, म्हणजे ८ कोटी ७० लाख. त्या वेळी अधिकृत यादीत नाव असलेले होते साडेचार हजारांहूनही कमी. म्हणजे ९९.९९५ टक्के अज्ञात.

अज्ञात म्हणजे किती अज्ञात, हे एका माशावरून कळतं. उजनीच्या काठावर जिला चिलापी म्हणतात ती तिलापिया. जगात तिचं उत्पादन वर्षाला ६० लाख टनांच्या पुढे गेलं आहे आणि गरिबांच्या ताटात येणारा हा मासा आहे. इस्रायलमधल्या तळ्यांत आणि गॅलिलीच्या सरोवरात ती मरू लागली तेव्हा २०१४ मध्ये कारण सापडलं, तिलापिया लेक व्हायरस. २०१८ मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या तिलापियातही तो आढळला. त्याचा मजकूर दहा तुकड्यांत, एकूण १०,३२३ अक्षरं. २०१६ मध्ये तो पूर्ण वाचून झाला तेव्हा पहिल्या तुकड्याचं इन्फ्लुएन्झा सीच्या पॉलिमरेजशी अंधुक साम्य दिसलं. उरलेले नऊ तुकडे तोवर वाचलेल्या कुठल्याच सजीवाच्या किंवा विषाणूच्या मजकुराशी जुळेनात. काळाने सगळी अक्षरं खाऊन टाकली होती.

२०२३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्या प्रथिनांचे मजकूर बाजूला ठेवले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आकार पाहिले. पहिल्या तीन तुकड्यांची प्रथिनं एकत्र येऊन इन्फ्लुएन्झाच्या पॉलिमरेजसारखंच, फक्त आकाराने लहान, तीन भागांचं यंत्र बनवत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात साम्य सांगणारं एक अक्षर उरलं नव्हतं, तरी घडी तीच होती. चौथा तुकडा आरएनएला गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनाचा असल्याचं त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाने दाखवलं. पुढचे सहा तुकडे काय करतात, याचा शोध चालू आहे.